लाउंजमध्ये कुणी आग्रह करत नाही

गंगापूर रोड, नाशिक

अमेरिकेहून परत येऊन महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी धबधब्याचं विचारतो, मग उंच इमारतींचं, आणि शेवटी हळूच "तिकडे कामाला बाई खरंच मिळत नाही का हो?" असं विचारतो. मी सगळ्यांना विमानतळावरच्या लाउंजबद्दल सांगते. लोक दोन मिनिटं ऐकतात आणि चहा संपवून उठतात. म्हणून हे लिहून काढलं. वाचकाला उठून जाता येतं, पण ते मला दिसत नाही.

गंगापूर रोडवर माझा आहारसल्ल्याचा दवाखाना आहे. "भात कमी करा, चाला, रात्री उशिरा खाऊ नका" हे घरात बायको किंवा आई सांगते तेव्हा कुणी ऐकत नाही. तेच मी छापील तक्त्यावर लिहून देते तेव्हा लोक वेळ ठरवून, रांगेत बसून ऐकतात. शिवाय मी एका स्थानिक पुरवणीत 'खाऊ पण बेताने' असं सदर लिहायचे. म्हणजे खाण्याच्या बाबतीत जगाला शहाणं करायचं काम माझ्याकडे होतं, असं निदान मला तरी वाटायचं.

यंदा, म्हणजे २००५च्या मे महिन्यात, मला सासऱ्यांना घेऊन शिकागोला जायचं होतं. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. वय बहात्तर, जन्म विंचूरचा, आयुष्य कांद्याच्या शेतीत आणि व्यापारात गेलेलं. गळ्यात माळ, त्यामुळे अंडंसुद्धा चालत नाही. मधुमेह वीस वर्षांचा आणि दोन वेळा इन्सुलिन. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांपासून, ते आमच्याकडे नाशिकला राहत होते. त्यांचा धाकटा मुलगा राजू शिकागोला असतो. कागदपत्रांच्या कुठल्याशा भानगडीत त्याला सात वर्षं भारतात येता आलं नव्हतं, आईच्या शेवटच्या दिवशीसुद्धा नाही. त्याची तीन वर्षांची मुलगी अण्णांनी फक्त फोटोत पाहिली होती. "यकदा त्या दोघांना पाहिलं का झालं, मंग माझं काय बी होवो," असं अण्णा म्हणायचे आणि तिकीट हातात आल्यावर ते रोज काढून बघायचे. उन्हाळ कांद्याची आवक ऐन भरात होती म्हणून आता तो व्यापार बघणारे माझे यजमान निघू शकत नव्हते. अण्णांचं खाणंपिणं सांभाळणार तज्ज्ञ व्यक्ती घरातच असताना काळजी कसली, असं सर्वांचं मत पडलं. तज्ज्ञ व्यक्तीनेही मान डोलावली.

राजूने कामासाठी सतत विमानाने फिरून मैल साठवले होते; विमान कंपनी ते बक्षीस म्हणून देते आणि त्यावर तिकीट काढता येतं. आपल्याकडे लोक सोनं साठवतात, तिकडे मैल. त्या मैलांच्या जोरावर त्याने आम्हाला वरच्या वर्गाची तिकिटं काढून दिली आणि फोनवर बजावलं, "वहिनी, डबाबिबा आणू नका. लाउंजमध्ये सगळं मिळतं. एकदम पौष्टिक." अण्णांच्या बहिणीने विंचूरहून दशम्या आणि लसणाची चटणी पाठवली होती. मी तो डबा गाडीतच यजमानांच्या हवाली केला. आम्हाला सोडून परत येताना त्यांनी कसाऱ्याच्या घाटातच तो संपवला, असं नंतर कळलं.

मुंबई

पहिला लाउंज, म्हणजे वरच्या वर्गाच्या प्रवाशांना विमानाची वाट बघत फुकट खायला-बसायला मिळतं ती जागा, मुंबईचा. वाटेत एका ढाब्यावर अण्णांना पोळीभाजी खाऊ घालून, इन्सुलिन देऊन मी निर्धास्त झाले होते, त्यामुळे इथे मी केवळ अभ्यासू नजरेने फिरले. दारातून आत गेलं की पायाखाली जाड गालिचा, आणि इतकी शांतता की माणूस आपोआप कुजबुजायला लागतो. पौष्टिक म्हणाल तर तीन बाजूंना दारूच्या बाटल्या होत्या, चौथ्या बाजूला तळलेले काजू, बोटाएवढे समोसे आणि कडा कापून टाकलेल्या पावाचे काकडी सॅन्डविच. ताक विचारलं तर तिथल्या कोट घातलेल्या तरुणाने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मीच पाणी मागून घेतलं. मी सोबतच्या वहीत लिहिलं: 'स्निग्ध पदार्थ भरपूर, तंतुमय शून्य.' त्या वहीत मी अण्णांचं खाणं, सुई आणि साखरेचा आकडा वेळेसकट लिहायचे.

अण्णा खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. एवढी मऊ खुर्ची आपल्या बसण्याने खराब होईल अशी त्यांना भीती होती. "हितं येवढी मानसं खाऊ राह्यली, आन् यजमान कोन हे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की यजमान कुणी नसतो, आपलं आपण घ्यायचं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नसावं. विमानात बसल्यावर ते लगेच झोपले आणि जेवण आलं तेव्हाही उठले नाहीत. झोप उत्तम, असं मी वहीत लिहिलं.

युरोप

मधला मुक्काम युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर साडेपाच तासांचा होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावाचा काही दोष नाही. सकाळचे सात वाजले होते. इथला लाउंज मुंबईच्या चौपट मोठा, आणि दारातच हिरवी पाटी होती: आरोग्य सप्ताह. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

आत तर माझ्याच तक्त्यांचं प्रदर्शन मांडलेलं होतं. पाच प्रकारचा पाला, जवस, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, कोंड्याचा पाव, बिनसायीचं दही आणि कसल्याशा हिरव्या देठांचा रस. नाशिकमध्ये पोपट पाळणारे लोक एवढं सामान ठेवतात. साखरेच्या जागी बिनसाखरेच्या गोडीच्या गुलाबी पुड्या. शीतपेयंसुद्धा बिनसाखरेची. मी भारावून जाऊन अभिप्रायाच्या कागदावर सगळ्या चांदण्या भरल्या आणि खाली लिहिलं, 'भारतातल्या आहारतज्ज्ञाकडून अभिनंदन.' हा कागद त्यांनी फ्रेम करून लावला नसेल तर बरं होईल.

अण्णांना मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. साखर तपासली, आठ वाजता सुई दिली आणि ताट भरून समोर ठेवलं: कोंड्याचा पाव, चीज, दही, काकडी. अर्ध्या तासाने खायचं, असं घड्याळ दाखवून सांगितलं. पांढरा डगला घातलेली एक गोरी, हसरी बाई टेबलं पुसत फिरत होती. तिलाही माझ्या इंग्रजीत सांगितलं की या गृहस्थांना मधुमेह आहे, हवं नको विचारत जा. तिने फार आपुलकीने मान हलवली. मग मी आंघोळीला गेले. त्या लाउंजमध्ये न्हाणीघर होतं, गरम पाणी होतं आणि पाठीवर थापा मारणारा फवारा होता. मी पाऊण तास लावला. हे आज लिहिताना सोपं वाटत नाही.

परत आले तेव्हा टेबल लखलखीत स्वच्छ होतं.

"खाल्लंत ना अण्णा?"

"झालं, झालं."

मी वहीत लिहिलं: 'नाश्ता पूर्ण.' खाली रेघ मारली.

साडेदहाच्या सुमारास मी एका मासिकातलं 'प्रवासात पचन' वाचत होते. अण्णा म्हणाले, "सुनील, गाडी लावली का रे?" सुनील म्हणजे माझे यजमान, आणि ते त्या वेळी विंचूरच्या बाजारात होते. मी वर पाहिलं. थंडगार खोलीत अण्णांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि हात मांडीवर थरथरत होते. मी बोटाला सुई टोचून आकडा बघितला. तो पन्नाशीच्याही खाली होता. इन्सुलिन घेऊन पोटात एकही घास नसलेल्या माणसाचा तो आकडा होता, आणि माझ्या वहीत नाश्ता पूर्ण होता.

मधुमेही माणसाची साखर खाली घसरली की साखर द्यायची, हे मी आठवड्यातून एकदा कॉलेजात आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवते. मी काउंटरकडे धावले, वाडग्यातल्या मूठभर पुड्या उचलल्या, पाण्यात फोडल्या, ढवळल्या आणि अण्णांच्या ओठांशी लावल्या. दोन घोट गेल्यावर माझं लक्ष रिकाम्या पुडीकडे गेलं. गुलाबी. ज्या पुड्या मी अर्ध्या नाशिकला घ्यायला लावल्या, ज्यांत गोडी असते आणि साखरेचा कणही नसतो, त्याच मी माझ्या सासऱ्यांना जीव वाचवायला पाजत होते. शीतपेयाच्या बाटल्या उलट्यासुलट्या करून वाचल्या. सगळ्या बिनसाखरेच्या. त्या हसऱ्या बाईला "साखर, खरी साखर!" म्हणून ओरडले. ती म्हणाली, खालच्या स्वयंपाकघरातून आणते, पाच मिनिटं लागतील, या आठवड्यात वर ठेवत नाही.

"बाई, हे घ्या," असं मागून कुणीतरी अस्सल मराठीत म्हणालं.

साठीचे गृहस्थ, पांढरी दाढी, हातात खजुराचं उघडं पाकीट. मालेगावचे, यंत्रमागाच्या धंद्यातले अन्सारीभाई. मुलीकडे टोरांटोला निघाले होते आणि माझं ओरडणं ऐकून उठून आले होते. मी एका खजुरातली बी काढून तो अण्णांपुढे धरला. आणि अण्णांनी, ज्यांना मी कोण हेही धड कळत नव्हतं, हात आडवा केला.

"नको. तुमी घ्या."

मी थबकले. अन्सारीभाई थबकले नाहीत. ते सरळ अण्णांच्या शेजारी बसले. "बाबा, तुमचा नको मला पाठ हे. आमच्याकडं पन तसाच हे. घ्या एक."

"पोट भरेल हे," अण्णा पुटपुटले.

"अहो, माझ्या पोरीसाठी नेतोय. तुम्ही नाय खाल्ला तर तिच्या तोंडात कसा घालू? तोंड उघडा, बाबा. तुम्हाला अल्लाची आन, तुमच्या देवाची आन."

अण्णांनी तोंड उघडलं. एक, दोन, पाच खजूर गेले. तेवढ्यात खालून साखर आली, तीही पाण्यातून दिली. दहा मिनिटांनी अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वैशाली, का गं रडू राह्यली?" मला तोवर आपण रडतोय हे ठाऊक नव्हतं.

डोकं ठिकाणावर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, ताटातलं खाल्लं नव्हतंत?"

"ती बाई आली. ताटाकडं हात करून काय तरी बोलली. म्या म्हनलं, नको. मंग तिनं उचलून नेलं."

"आणि परत नाही विचारलं?"

"नाय ना. म्या लय वाट पाह्यली."

"मग मला 'झालं' का म्हणालात?"

"परक्याच्या दारात बसून खाल्लं नाय कसं म्हनायचं?"

त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. ती हसत हसत एकदा विचारते आणि समोरच्याचं उत्तर खरं मानते. तिच्या देशात लोक बहुधा याला सभ्यता म्हणतात.

एवढ्या आरड्याओरड्याची वर्दी गेली होती. लाउंजची मुख्य बाई आली आणि पाठोपाठ विमानतळाचा डॉक्टर आला, उंच, तरुण, हातात फळी आणि फळीवर कागद. पुढचं उड्डाण नऊ तासांचं होतं आणि सुटायला दीड तास उरला होता. त्याने नाडी, रक्तदाब, साखर बघितली. साखर वर सरकली होती, पण तो म्हणाला की एवढ्यावर मी यांना सोडणार नाही. नुसत्या गोडावर चढलेली साखर पुन्हा उतरते. माझ्यासमोर नीट अन्न खाल्लं आणि अर्ध्या तासाने आकडा टिकला, तरच सही. नाहीतर इथल्या रुग्णालयात. मी खाली वाकून अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "राजू तिकडं उभा राहील ना गं," एवढंच म्हणाले.

लाउंजमधला पाला आणि कोंड्याचा पाव अण्णांच्या घशाखाली उतरणारा नव्हता, पण सूपसाठी उकडलेले बटाटे खाली होते. ते आले. दही आलं. अन्सारीभाईंनी पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली, "घरचं हे, कशाचा हात लागला नाय त्याला," असं आपणहून सांगत. डॉक्टरने ती बशी स्वतःच्या हाताने अण्णांपुढे धरली आणि मानेने विचारलं.

अण्णांनी छातीवर हात ठेवला, मान डावीउजवीकडे हलवली आणि अदबीने म्हणाले, "नको नको."

डॉक्टर लिहायला लागला. मी उलट बाजूने वाचलं: रुग्णाचा अन्न घेण्यास नकार.

"त्यांनी नकार दिलेला नाही," मी म्हणाले.

तो म्हणाला, त्यांनी नाही म्हटलं ना?

हो, म्हटलं.

मग?

दोन पदव्या आणि बारा वर्षांचा दवाखाना गाठीशी असलेल्या बाईने परक्या देशातल्या डॉक्टरला कसं सांगावं की या माणसाला भूक लागली आहे, त्याला हे खायचं आहे, आणि म्हणूनच तो नाही म्हणतो आहे? तरी सांगितलं. त्याने विचारलं, मग किती वेळा विचारायचं? अन्सारीभाईंनी तीन बोटं वर केली.

बिचाऱ्याने प्रयत्न केला. बशी पुढे करून त्याने तोच प्रश्न लागोपाठ तीन वेळा, एकाच सुरात विचारला. अण्णांनी तीन वेळा नको म्हटलं. डॉक्टरने 'बघा' अशा अर्थाने हात पसरले आणि पेन पुन्हा उचललं.

"असं नाय हो, डॉक्टर," अन्सारीभाई म्हणाले, "दिलसे!" मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सून ना? तुम्ही सांगा. मी परका."

इथे एक कबुली देणं भाग आहे. माझ्या सदरातला सगळ्यात गाजलेला लेख आग्रहावर होता. आग्रह ही आपल्या समाजाला लागलेली खोड आहे, तिने घराघरांत मधुमेह वाढवला, नको म्हणणाऱ्याचं नको पहिल्या वेळी ऐका, असं मी त्यात ठणकावलं होतं. त्यावर टाळ्या घेतल्या होत्या, दोन महिला मंडळांत भाषणं केली होती, आणि घरीही तोच नियम लावला होता. एकदा विचारायचं. हवं तर वाढायचं, नको तर झाकून ठेवायचं.

मी त्या गालिच्यावर अण्णांपुढे मांडी घालून बसले. आजूबाजूला सुटाबुटातली माणसं वर्तमानपत्रं खाली करून बघत होती. बटाटा हाताने कुस्करला, दह्यात कालवला, मीठ टाकलं, लोणच्याची फोड लावली आणि घास करून त्यांच्या तोंडाशी धरला.

"घ्या अण्णा."

"नको गं, तू खा. तू बी सकाळपासून काय खाल्लं नाय."

"मी नंतर खाईन. हा राजूच्या नावाचा. तो तिकडे कधीचा उभा आहे."

"बास, पोट भरलं..."

"अण्णा, तुम्ही हा घास नाही घेतलात तर मी शिकागोपर्यंत पाणीसुद्धा पिणार नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग घास घेतला, चावला आणि म्हणाले, "मीठ कमी हे." मी मीठ टाकलं. पुढचा घास त्यांनी माझ्या हातातून स्वतः ओढून घेतला. बशी संपली, दुसरी आली, तीही संपली. इतक्या भुकेने खाणारा माणूस मी माझ्या घरात किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. अर्ध्या तासाने आकडा टिकला. डॉक्टरने आधीची ओळ खोडली, सही केली, आणि जाताना आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. तीन हा आकडा असावा. अन्सारीभाईंचं विमान आमच्या आधी सुटणार होतं. निघताना त्यांनी उरलेला खजूर अण्णांच्या मांडीवर ठेवला. अण्णा नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

विमानात

विमान वर गेलं, पट्टे सुटले. अण्णा खिडकीतून ढग बघत होते. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की मला प्रश्न विचारायची सवय आहे.

"अण्णा, एवढी भूक लागली होती, जीव जायची वेळ आली, तरी बोलला नाहीत. सहन कसं केलंत?"

"आता सवय हे ना," ते ढगांकडेच बघत म्हणाले.

"कसली सवय?"

"तुझ्याकडं आल्यापासून. तू यकदाच विचारती. तुझी सासू मानूस उठू देत नव्हती ताटावरून. तू म्हनती, अण्णा, भाकरी वाढू? म्या म्हनतो, नको. तू झाकन ठेवती. मंग उठायचं, हात धुवायचा."

त्यात तक्रार नव्हती. विंचूरची गाडी कुठून सुटते ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. दोन वर्षांत अण्णांचं नऊ किलो वजन उतरलं होतं. मी ते दर महिन्याला हिरव्या शाईने लिहायचे, पेशंटना दाखवायचे, 'शिस्त असेल तर या वयातही जमतं' असं सांगायचे. माझ्या घरात, माझ्या समोर बसून, एक म्हातारा माणूस दोन वर्षं अर्धपोटी उठत होता आणि मी त्याचा तक्ता करत होते. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

गाडा ढकलत हवाईसुंदरी आली. तिने अण्णांना विचारायच्या आत मी दोन्ही ट्रे घेतले. त्यांच्या ट्रेवरचं झाकण काढलं, माझ्या ट्रेमधला भात त्यांच्या भातावर घातला, भाजी घातली, पाव ठेवला. ते म्हणाले, नको. मी डाळ वाढली. ते म्हणाले, नको गं, लय झालं. मी दही वाढलं. ते तिसऱ्यांदा नको म्हणाले, आणि मग खाली मान घालून त्यांनी सगळं संपवलं.